वलय जुळलं, पण वास येईना

सुगंधद्रव्यांच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत ती एका रेणूच्या मागे हात धुऊन लागली होती. रेणूच्या अंगावर दोन ठिकाणी ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी. आम्लाचा थेंब पडला की एक जोडी पाणी होऊन निघून जायची आणि दुसरीतल्या ऑक्सिजनने वळून ती रिकामी जागा धरायची. झालं वलय तयार! असं ऑक्सिजन गुंफलेलं वलय, म्हणजे वलयी ईथर, महागड्या अत्तरांत जातं. पण आम्ल जरा जास्त झालं, की ऑक्सिजन भलत्याच बाजूने जाऊन चिकटतो. मग दिसायला तेच, पण वासाच्या नावाने शून्य.

त्या दिवशी पांढरेशुभ्र खडे हाती आले. तिने हुंगले. काही नाही. पुन्हा हुंगले. नाक ढिम्म! तपासणीच्या यंत्रावर दुसऱ्यांचं काम चाललं होतं, तिची पाळी दुसऱ्या दिवशी. तोंड पाडून ती घरी आली.

दार सासऱ्यांनी उघडलं. निवृत्त ड्रॉइंग मास्तर ते.

"आलीस? अगं, हा वास कसला?"

"बाबा, चेष्टा नको हं. आज आधीच फजिती झालीय."

"चेष्टा कसली? उन्हात तापलेल्या लाकडासारखा वास येतोय, वर जरासा खारा वारा. मस्त आहे!"

तिने बाही नाकाशी धरली. कशाचाच पत्ता नाही. "खरंच येतोय?"

"माझ्यावर विश्वास नाही ना? चल." मास्तरांनी तिला हाताला धरून समोरच्या दारी नेलं, बेल वाजवली आणि शेजारीणबाईंपुढे तिची बाही धरली. शेजारीणबाई म्हणाल्या, "अय्या, नवीन अत्तर? कुठून आणलंत?"

तिला हसावं की रडावं कळेना.

दुसऱ्या दिवशी यंत्रानेही तेच सांगितलं. वलय अगदी हवं तसं जुळलं होतं. प्रयोगशाळेच्या मोठ्या मॅडमनी तिची पाठ थोपटली. "काही जणांच्या नाकाला हा वास कळतच नाही. तुझं नाक त्यातलं दिसतंय." जाताना त्यांनी त्या वासात बुडवलेली कागदाची पट्टी तिच्या हातात ठेवली.

संध्याकाळी ती मास्तरांजवळ येऊन बसली. "एवढं जिवाचं रान केलं बाबा, आणि मलाच तो वास कधी कळणार नाही."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर मला दिसतं का? तू वाचून दाखवतेस. कधी कुरकुर केलीस?"

"त्यात कसली कुरकुर?"

"मग आण ती पट्टी इकडे."

पट्टी नाकाशी धरून त्यांनी डोळे मिटले. पट्टी जरा दूर नेली, पुन्हा जवळ आणली, पुन्हा हुंगली.

"बोला ना, बाबा!"

"घाई करू नकोस," मास्तर डोळे न उघडताच म्हणाले, "पहिल्यापासून नीट सांगतो."