खांब एकशे अठरा

बाबांचा कॅमेरा मीच काढून घेतला होता. त्यानंतर नऊ आठवड्यांनी ते गेले. ते गेल्यावर सहाव्या आठवड्यात त्यांचं कपाट रिकामं करताना दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेली एक यादी दिसली. तारखा, आणि प्रत्येक तारखेपुढे एक माप. एक सूत, सव्वा सूत, दीड सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. बाबा सुतार होते, त्यांची दुनिया सुतातच चालायची. यादी जिथे थांबत होती ती तारीख मला पाठ होती. त्याच दिवशी कॅमेरा माझ्या कपाटात गेला होता.

तो कॅमेरा दादाने त्यांना निवृत्तीनंतर घेऊन दिला होता. घरात बसून भिंतींशी बोलण्यापेक्षा बरं, म्हणून. बाबांनी तो गळ्यात अडकवला आणि शहर पायाखाली घातलं. त्यांना नाद लागला तो वरच्या गाडीचा. रस्त्याच्या डोक्यावरून, खांबांवरून जाणारी ती गाडी कुठून कशी दिसते ते ते हिंडून शोधत. बाजारावरच्या वळणाला किंचित कलणारी, काचेच्या इमारतीत उलट्या दिशेने पळणारी, दोन घरांच्या फटीत वाळत घातलेल्या चादरींमागून क्षणभर चमकणारी. फोटो चांगले होते. मी त्यांना तसं एकदाच म्हटलं होतं.

शेवटच्या वर्षी मात्र हिंडणं थांबलं. रोज एकच खांब. त्याच सुमारास दोनदा गॅस चालू राहिला, आणि एकदा ते खालच्या मजल्यावरचं दार आपलंच समजून बराच वेळ वाजवत उभे राहिले. मग त्या खांबाखाली बसणाऱ्या किल्लीवाल्याचा मला फोन आला. "ताई, काका तास तास उन्हात उभे असतात. एखाद दिवशी गाडीखाली येतील हो." दादा म्हणाला, "कॅमेराच काढून घे. ना रहेगा बांस."

मी काढून घेतला. बाबा एवढंच म्हणाले, "बाळ, तिथलं काम ढिलं पडतंय."

"जगातलं सगळं ढिलं काम तुम्हीच नीट करायचंय का, बाबा?"

चार दिवसांनी संध्याकाळी त्यांनी पुन्हा विचारलं, "एका दिवसापुरता दे." मी ताट वाढत होते. "बघू," म्हटलं. मुलांना म्हणतात तसं.

आता यादी पाहिल्यावर मी तो कॅमेरा काढला, चार्ज केला. आत एकाच खांबाचे एक्केचाळीस फोटो होते. खांबाच्या माथ्यावर सिमेंटची तुळई टेकलेली, दोन्हींच्या मध्ये रबराचा जाड काळा ठोकळा, बाजूला रंगवलेला आकडा ११८, आणि वर गाडीचं पोट. तारखा यादीशी जुळत होत्या. मापं त्या ठोकळ्याचीच असणार, तो किती सरकला त्याची. ठोकळा खरंच सरकत असेल, तर बाबा शुद्धीत होते आणि मी त्यांचं तोंड बंद केलं होतं. सरकत नसेल, तर मी चुकले नव्हते, पण बाबा शेवटचं वर्षभर भ्रमात जगले होते. यातलं मला काय हवं होतं, ते माझं मलाच सांगता येईना.

दादाला फोन केला. तो म्हणाला, "अगं, ते आजारी होते. आता त्यात काय उकरतेस?"

"एकदा बघून येते."

"तू पण त्यांच्यावरच गेलीस," म्हणून त्याने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खांबापाशी गेले. किल्लीवाल्याने मला कॅमेऱ्यावरूनच ओळखलं. "काका गेल्याचं कळलं. मीच तुम्हाला फोन केलावता ना," असं म्हणून तो कानस उगाचच पुसत बसला. मी कॅमेरा डोळ्याला लावला तसा म्हणाला, "असं नाही, ताई. काका हातात धरायचेच नाहीत. म्हणायचे, हात म्हातारा झालाय, पेटी अजून तरणी आहे."

पदपथावर टेलिफोनच्या तारांची लोखंडी पेटी होती. तिच्या माथ्यावर सुताराच्या पेन्सिलीने आखलेल्या दोन रेघा होत्या, काटकोनात. कॅमेऱ्याचा कोपरा त्यात बरोबर बसला. एक्केचाळीस वेळा त्याच जागेवरून, त्याच कोनातून. भ्रमिष्ट माणूस काटकोन आखत नाही, असं मनात आलं. पण ते मी पुरावा म्हणून धरलं नाही.

गाडी आली. फळीवर टांगलेल्या शेकडो किल्ल्या एकदम शहारल्यासारख्या वाजल्या. मी बटण दाबलं.

कोपऱ्यावरच्या स्टुडिओत बाबांचा पहिला फोटो आणि माझा आजचा, दोन्ही सारख्या आकारात छापून घेतले. मी छापखान्यात मुद्रितं तपासते. दोन प्रती ताडून बघायची आमची एक जुनी रीत आहे. एकीवर दुसरी ठेवायची आणि वरची भराभर उचलून पाडायची. जे सारखं असतं ते जागचं हलत नाही, बदललेलं तेवढं उडी मारतं. स्टुडिओच्या काउंटरवरच मी फोटो उडवून पाहिले. तुळई हलली नाही. ११८ हलला नाही. सिमेंटवरचा ओघळही तिथेच राहिला. काळा ठोकळा बाहेर आला, आत गेला, बाहेर आला. जीभ काढून दाखवावी तसा.

स्टेशन तिथून दोन मिनिटांवर होतं. देखभालीचे साहेब मीटिंगमध्ये आहेत, बसा, असं सांगण्यात आलं. मी बसले. दर सहा मिनिटांनी डोक्यावर गाडी लागत होती, माणसं चढत होती, गाडी एकशे अठराच्या दिशेने निघत होती. सात गाड्या गेल्या. आठवीला मी उठले आणि दार ढकलून आत शिरले.

साहेब माझ्याहून लहानच असतील. पुढ्यात डबा उघडा होता.

"मॅडम, वर्षातून दोनदा तपासणी होते. पाच महिन्यांपूर्वी सगळं व्यवस्थित होतं. फोटोचं काय, कोन बदलला की सगळंच बदलतं."

"कोन बदललेला नाही."

"कितवा खांब?"

"एकशे अठरा."

त्यांचा घास हातातच राहिला. "कानाला पेन्सिल लावलेले एक आजोबा... ते तुमचे कोण?"

"वडील."

त्यांनी हात पुसून एक नोंदवही काढली आणि पानं उलटली. "तीनदा आले होते. दोनदा मी ऐकून घेतलं. तिसऱ्यांदा म्हटलं, आजोबा, तोंडी नको, फोटो आणा. आणतो म्हणाले. परत आलेच नाहीत. मला वाटलं, समाधान झालं असेल."

"तिसऱ्यांदा कधी आले होते?"

त्यांनी तारीख वाचली. 'बघू' म्हटलं, त्याच दिवसाची.

मी पिशवी उघडली. दोन्ही फोटो त्यांच्या डब्याशेजारी ठेवले, वरचा उचलला, पाडला. पुन्हा उचलला. चौथ्या वेळी त्यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि स्वतः उडवून पाहिला. मग फोन ओढला.

"एकशे अठरावर गाडी हळू... नाही. थांबवाच. दोन्ही बाजूंनी." ऐकता ऐकता त्यांचा चेहरा बदलला. "सुटली? कधी सुटली?"

फलाट आमच्या डोक्यावरच होता. गाडी निघाल्याची घरघर छतातून उतरली आणि लांब जाऊ लागली. डब्यातली आमटी थरथरत होती. साहेब उभे होते, मीही उभी होते. त्या गाडीला एकशे अठरापर्यंत किती वेळ लागतो, ते मी सकाळी किल्लीवाल्याजवळ उभी राहून पाहिलं होतं. मी आकडे मोजायला लागले आणि वीसच्या पुढे मला आकडेच आठवेनात. कुठून काही आवाज येतोय का, एवढंच मी ऐकत होते.

फोनमधून कुणीतरी काहीतरी बोललं.

"पोचली," साहेब म्हणाले आणि मटकन खाली बसले. "पुढच्या स्टेशनला पोचली." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "वडिलांना आणायला हवं होतं तुम्ही सोबत."

"ते गेले," मी म्हणाले.

तासाभरात खांबाखाली दोऱ्या बांधल्या गेल्या, वर उचलणारी गाडी आली. किल्लीवाल्याने फळी पाठीवर घेतली आणि म्हणाला, "ताई, उपकार झाले, पण माझा धंदा बसवलात की!" पाळण्यातून वर गेलेल्या माणसाने ठोकळ्याला हात लावला आणि खाली साहेबांना दोन बोटं फाकवून दाखवली, इतका सरकलाय म्हणून. साहेबांनी टोपी काढून काखेत घातली.

स्टेशनचे जिने माणसं ओकत होते. बस मिळत नव्हत्या, रिक्षा थांबत नव्हत्या, सगळं शहर जणू आपल्या पायांवर उतरलं होतं. मीही त्या लोंढ्यात चालू लागले. शेजारी एक गृहस्थ, बगलेत फायली, घामाघूम, तोंडाने अखंड शिव्या.

"काय झालंय हो नेमकं?" त्यांनी मला विचारलं.

"एका खांबावरचा ठोकळा सरकलाय. गाडी चालू राहिली असती, तर तुळई खचली असती."

"कुणी शोधून काढलं?"

"एका सुताराने."

"सुताराने!" ते हसले. "इथे इंजिनियर पोसलेत आणि शोधतोय सुतार. मग एवढे दिवस काय झोपला होता का तो? आधी नाही सांगता आलं त्याला? आज माझी सुनावणी आहे, आजच बरा मुहूर्त सापडला!"

"त्याला घरी बसवलं होतं."

"कुणी?"

"मी," मी म्हणाले.

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. पण त्यांना उशीर झाला होता. फायली दुसऱ्या बगलेत घेऊन ते भराभर पुढे निघून गेले.