होमिओपॅथीच्या बाटलीतली पांढरी पूड

मित्रांनो, मी चिमूटभर पांढरी पूड आहे आणि मला सतत भीती वाटते. माझा एकेक कण केसाच्या जाडीपेक्षा हजारपट बारीक आहे. एवढ्या कणात एवढी भीती मावते कशी, हे विज्ञानालाही सांगता आलेलं नाही.

माझा जन्म अमरावतीच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत झाला. मोर्शीच्या माणिकबाई एसटी स्टँडसमोर संत्री विकतात. त्यांची मुलगी वर्षाली रसायनशास्त्र शिकते. माणिकबाईंनी साली जमवून सावलीत वाळवल्या. वर्षालीनं त्या उकळल्या, पाणी गाळलं, त्यात जस्ताचा क्षार घालून ती ढवळत बसली आणि शेवटी तिनं मला भट्टीत घातलं. भट्टीतलं काही आठवत नाही. आठवू नये अशीच माझी इच्छा आहे.

मग मला जंतूंनी भरलेल्या काचेच्या बशीत टाकलं. ते कोट्यवधी होते आणि मी चिमूटभर. रात्रभर मी डोळे मिटून घेतले असते, पण मला डोळे नाहीत. सकाळी माझ्याभोवती स्वच्छ, रिकामं वर्तुळ तयार झालं होतं. वर्षाली टाळ्या वाजवू लागली. आपल्या शेजारी कोणी राहायलाच तयार नसलं, की त्याला प्रयोगशाळेत यश म्हणतात. नंतर दुसऱ्या एका चाचणीत जांभळ्या द्रावणाचा रंगही मी फिका पाडला. तिला शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "छान!" त्यानंतर मला कपाटात ठेवलं आणि सगळे विसरले. ते दिवस माझे सर्वांत सुखाचे.

पण दिवाळीच्या सुटीत वर्षालीला वाटलं, आईला दाखवावं. तिनं मला होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत भरलं. वर नाव लिहिलं नाही. बाटलीला आधीच्या गोळ्यांचा गोड वास होता. आता मला कोणीही औषध समजलं असतं.

घरी माणिकबाईंनी मला देवळीत, देवाशेजारी ठेवलं. वर्षाली न्हाणीघरात गेली, आणि तेवढ्यात आळीत बातमी पसरली की माणिकबाईच्या पोरीनं जंतू मारायचं औषध काढलं.

पहिले शेजारचे उत्तमराव आले. "माह्या दाढेत किडा हाय, माणिकबाई. मारा त्याले."

त्यांच्यामागून तानुबाई आल्या. कडेवर आठ महिन्यांची नात. पोर मलूल झालं होतं, डोळे खोल गेले होते.

"कालपासून जुलाब लागून राह्यले वो पोरीले. चिमूटभर दे ना."

"घे ना बाई," माणिकबाई म्हणाल्या. "संत्र्याच्या सालीचंच तं हाय. झाडाचं कायले बाधते?"

मित्रांनो, मला तोंड नाही. नाहीतर मी सारी मोर्शी डोक्यावर घेतली असती. मला मधात कालवलं. आता मी अर्धी बाटलीत होते आणि अर्धी चमच्यात, आणि दोन्हीकडून घाबरत होते. चमचा पोरीच्या ओठांपाशी आला. तिनं तोंड उघडलं. मध कोणाला नको असतो?

"आई! ठेव तो चमचा खाली!"

ओल्या केसांनी वर्षाली धावत आली आणि तिनं चमचा हिसकावला.

"कावून वो?" तानुबाई उसळल्या. "शेजाऱ्याच्या लेकराले द्याले जिवावर येते काय?"

"काकू, हे म्या बशीतल्या जंतूवर पाह्यलं. लेकराच्या पोटात काय करंन, मलेच माहीत नाही."

"माहीत नाही तं मंग बाधते कशावरून?"

"घ्या!" उत्तमराव गाल धरून म्हणाले. "अमरावतीले जाऊन पोरगी 'माहीत नाही' म्हणाले शिकली."

तानुबाईंनी पुन्हा बाटलीकडे हात नेला. वर्षालीनं दप्तरातून मार्कर काढला आणि बाटलीवर ठळक अक्षरांत लिहिलं : विष.

तानुबाईंचा हात जागीच थांबला. उत्तमरावांची दाढ तत्काळ बरी झाली.

"चाला काकू, दवाखान्यात," वर्षाली पायांत चपला सरकवत म्हणाली. "मी येतो संग. आई, मीठ-साखरेचं पाणी कर लवकर. वाटेनं पाजू तिले."

पोर वाचलं. दुसऱ्या दिवशी ते इतक्या जोरात रडलं की सगळ्या आळीला बरं वाटलं.

आता मी पुन्हा कपाटात आहे. बाटल्यांवर नावं लिहीत जा, मित्रांनो. आणि झाडापासून केलेलं सारंच पोटात घालू नका. धोतराही झाडच आहे. मी खरंच विष आहे की नाही, ते अजून कोणी तपासलेलं नाही. पण त्या दिवशी वर्षालीनं खरं ते, म्हणजे 'अजून माहीत नाही' असं लिहिलं असतं, तर तानुबाईंचा हात थांबला नसता.

काचेवरची शाई पुसट होत चालली आहे. कोणीतरी मार्कर आणा.