नसलेल्या ताऱ्यांचा सत्कार

शनिवारी संस्थेत तो ई-मेल आला आणि माझं तीन वर्षांचं काम चार ओळींत आडवं झालं. तेव्हापासून मला एका जागी बसवत नव्हतं. रविवारी नेरुळच्या आमच्या दोन खोल्यांत माझ्या इतक्या येरझाऱ्या झाल्या, की आई वैतागून म्हणाली, "वैदेही, फरशी झिजवतेस का?"

माझा विषय फार दूरच्या दीर्घिका, म्हणजे गॅलेक्सी. त्यांच्या पोटात अधाशी कृष्णविवर असतं. त्यात पडणारा वायू तापून झगमगतो, थोडा झोतासारखा बाहेर उडतो. त्या झोताच्या वाटेवर मला निळा उजेड दिसला. निळा म्हणजे कोवळे तारे. झोताने वायू दाबला आणि तारे जन्मले, असं मी पेपरात ठोकून दिलं. शनिवारचा ई-मेल परदेशातल्या एका गटाचा होता. त्यांनी तो उजेड तपासला, तर तो ताऱ्यांचा नव्हताच. मधला झगमगाटच भोवतीच्या धुळीवरून उसळून आपल्याकडे येत होता. धुक्यात एक दिवा लागला की अख्खी गल्ली उजळल्यासारखी वाटते, तसं. मी दिवा वजा केला, धुकं विसरले. माझे मार्गदर्शक सर फोनवर एवढंच म्हणाले, "पेपर मागे घेऊ."

एवढ्यावर निभावलं असतं. पण बाबांनी माझे तारे केव्हाच सोसायटीभर वाटले होते. सेक्रेटरी हौसेरावांनी त्याच रविवारी पाच वाजता माझा सत्कार ठेवला होता, आणि सूचनाफळ्यावरचं माझं नाव बाबांनी स्वतः रंगीत खडूने काढलं होतं.

चार वाजता बाबा शर्टाला इस्त्री करत होते. मी म्हटलं, "बाबा, तिथं तारे नाहीयेत. माझी चूक झाली."

"आजच्या दिवस गप्प बस ना. इथं कोणाला कळतंय?"

"मला कळतंय."

बाबा पुन्हा इस्त्री फिरवायला लागले. त्यांचा चेहरा बघून मला स्वतःचाच राग आला.

सोसायटीच्या हॉलमध्ये शाल, श्रीफळ झालं. माईक हातात आल्यावर मी सरळ सांगून टाकलं, की माझा दावा चुकला, ते तारे नाहीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"बघा, एवढी शिकली तरी किती नम्र पोरगी!" हौसेराव म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं. टाळ्या आणखी वाढल्या. वाटलं, शाल टाकून पळून जावं.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून बाबा उठले.

"टाळ्या थांबवा जरा. नम्र-बिम्र काही नाही, ती खरं सांगतेय. तारे नाहीत. मीच तुमाला सगळ्यांना चुकीचं सांगत फिरलो, सॉरी." टाळ्या थांबल्या. बाबा मात्र खाली बसले नाहीत, माझ्याकडे बघत राहिले. "आता तिला बोलू द्या. तो उजेड मग कशाचा, ते मलापण अजून कळलेलं नाही."