हात घालणारा एडविन

एडविन टेल्फरची मेंढी सकाळपासून अडली होती. कोकराचे पुढचे पाय बाहेर दिसत होते, पण डोकं आत मागे वळलेलं. जनावरांचा डॉक्टर नदीपलीकडे दुसऱ्याच्या गोठ्यात अडकलेला. एडविनची मुलगी आयला कोपरापर्यंत साबण लावून गोठ्यातल्या वाळल्या गवतात गुडघे टेकून बसली होती. बापाच्या हातांना कंप सुटला, म्हणून ती शहरातली नोकरी सोडून डोंगरात परतली होती.

"पाय आत ढकल. कळ आली की थांब," एडविन म्हणाला.

"ढकलले. आता?"

"आता डोकं धर."

"कुठून धरू? कसं?"

सारी हयात एडविनने हे केलं होतं, सांगितलं कधीच नव्हतं. मागे मेंढपाळांच्या मेजवानीत अध्यक्षांनी त्याला 'हँड्स-ऑन शेतकरी' म्हटलं, तेव्हा त्याने शेजाऱ्याला विचारलं होतं, "म्हणजे काय रे?"

"स्वतः हात घालून काम करणारा."

"मग हात न घालता मेंढ्या पाळतं तरी कोण?"

सगळं टेबल खो-खो हसलं होतं.

"बाबा, बोला ना!"

"जबड्याखाली बोटं घाल अन्... असं, असं गं!" तो हवेत हात वळवून दाखवू लागला. त्या थरथरीतून तिला काय उमगणार? "सरक बाजूला," म्हणत त्याने बाह्या वर सारल्या आणि हात आत घातला. डोकं लागलं. ओलं, मऊ नाक बोटांना लागलं. पण बोटं मुळी मिटेचनात. मेंढी कळवळून तडफडली.

आयलाने त्याचं मनगट धरलं. "बाबा, तिला लागतंय. काढा हात."

त्याने काढला.

बऱ्याच वेळाने तिने कोकरू ओढून काढलं. मेलेलं होतं. एडविनने ते गवताने खसाखसा चोळलं, शिंक यावी म्हणून नाकपुडीत काडी फिरवली. काही नाही.

"आणखी एक आहे आत," आयला म्हणाली आणि त्याला न विचारताच पुन्हा हात घातला. हे सरळ आलं, शिंकलं, बें बें करू लागलं. ती रडत हसली.

"पाणी आणतो," एडविन म्हणाला. बादली दारात येईतो निम्मी सांडली होती. उरलेली त्याने खाली ठेवली आणि दोन्ही हात खिशांत घालून तो तिथेच उभा राहिला.