फडक्याखालची नळी

"बोला, मानसिंगबाबा की जय!"

डाळजच्या माळावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. हायवेवर ट्रक उभे करून ड्रायव्हरसुद्धा बाबाचा चमत्कार बघायला उतरले होते. बाबा हाडळ काढत असे. रोग्याच्या हाडात शिरून रक्त चोखणारी हाडळ! आधी तो पिवळ्या फडक्यात गुंडाळलेली बोकडाची नळी रोग्याच्या अंगावरून उतरवून दगडावर फोडी. फडक्याबाहेर फुटकं तोंड तेवढं दिसे आणि आतला मगज पांढराफटक. "बघा, चोखून चोथा केलाय!" मग रोग्याच्या पाठीवर आसूड बरसे. रोगी आडवा झाला की दुसरं फडकं, दुसरी नळी. तिच्यात मगज लालभडक. "आलं रगात!" की माळ दणाणलाच. मार खाल्लेला तेवढा उठत नसे, पण त्याच्याकडे बघायला वेळ कुणाला? आत्ताही बाभळीखाली, नुकतीच पाळी झालेले म्हस्कूतात्या तोंडावर उपरणं घेऊन निपचित पडले होते.

आता पाळी श्रेयाची होती. वय वर्षं नऊ.

गर्दीत कोपरं मारत योगिनी पुढं घुसली. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत ती हाडातल्या मगजाच्या पेशी काचेच्या बशीत वाढवत असे. श्रेया तिच्या भावाची, झुंबरची लेक. तापावर कुणा अर्धवट वैदूनं दिलेल्या गोळ्या पोरीला अशा बाधल्या, की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीच रक्तातून नाहीशा झाल्या. पुण्यात इंजेक्शनं सुरू झाली, आणि पोरगी हाडं ठणकतात म्हणून रडू लागली. बापाचं काळीजच ते. योगिनीची पाठ वळताच झुंबरनं लेकीला उचललं आणि थेट बाबाच्या पायाशी आणून टाकलं.

श्रेयाच्या पाठीवर एक वळ उठलेला होता, त्यातून रक्त येत होतं.

"दादा, सोड तिला! हिला साधं खरचटलेलंसुद्धा सोसायचं न्हाय. जंतू शिरले तर अडवायला अंगात कोणी न्हाय!"

"तुझ्या सुयांनीच पोरीची हाडं कुरतडली!" झुंबरनं बहिणीच्या कानफटात लगावली. तिचा ओठ फुटला.

"हाडळीची मैतरीण आली रं!" बाबा नाचत ओरडला. "ही पुण्यात माणसांची हाडं उकरती! हाणा हिला!"

हाणायला सांगितल्यावर माणसं मागं थोडीच राहतात. कुणी तिचे केस धरले, कुणी बरगडीत लाथ घातली, आणि बाबाचा आसूड तिच्या मानेवर कडाडला. योगिनी दगडापाशी कोसळली. समोरच दोन्ही फडकी पडली होती. एकातली नळी फुटलेली, दुसऱ्यातली अजून शाबूत. तिनं दोन्ही फडकी ओढून काढली, दुसरी नळी दगडावर आपटली आणि दोन्ही नळ्या झुंबरपुढं धरल्या.

"दादा, तू मेंढरं राखलीस. सांग, ही कुणाची?"

झुंबरनं नळ्या हातात घेतल्या. पिढ्यान्‌पिढ्या शेरडं-मेंढरं हाकलेला हात तो, डोक्याच्या आधी त्यालाच कळलं. एक नळी जाड आणि जड, दुसरी काटकुळी, टोकाला अजून कुरकुरीत.

"ही म्हाताऱ्या बोकडाची," तो पुटपुटला. "आन ही... हे करडू हाय. दूध पितं करडू."

"करडाचा मगज कसा असतो?"

"लालच की! म्हाताऱ्याचा पांढरा. शेंबडं पोरगंबी सांगंल!"

"कोवळ्या हाडात सगळीकडं रक्त तयार होतं. वय झालं की नळीत चरबी भरते. हाडळ कुठून आली यात?"

दर रविवारी नळ्या चोखणारं गाव हे, पण फडकं काढ म्हणायला एकाचीही जीभ उचलली नव्हती.

"पोरगी मरंल आता!" बाबानं श्रेयावर आसूड उगारला. झुंबरनं तो उघड्या पंजात झेलला. पंजा फाटला, पण त्यानं हिसका देऊन बाबाला खाली पाडलं. मघा जयजयकार करणारेच आता बाबाचे दात पाडू लागले. झुंबरनं नळ्या फोडायचा दगड बाबाच्या डोक्यावर उचलला.

योगिनीनं त्याचा हात धरला. "दगड टाक, दादा. त्याचं पोलीस बघतील. पोरीचं अंग भाजतंय, आधी तिला बघ!"

एका ट्रकवाल्यानं त्यांना पुण्याला पोचवलं. पाठीची जखम चिघळली, ताप उतरेना, पोरगी कुणाला ओळखेना. पुन्हा तीच इंजेक्शनं सुरू झाली.

"परत हाडं दुखतील?" झुंबरनं विचारलं.

"दुखतील. आत काम सुरू झालं की दुखतात. उसाचं गळीत लागल्यावर साखर कारखाना हादरतो ना, तसं."

श्रेया कण्हू लागली तेव्हा झुंबर रडत रडत तिचे पाय दाबत राहिला, पण या वेळी त्यानं तिला उचललं नाही. पांढऱ्या पेशी वाढल्या, ताप उतरला आणि पोरीनं भाकरी मागितली.

मग योगिनीनं त्याला प्रयोगशाळेत नेऊन सूक्ष्मदर्शकावर वाकवलं. दोन बश्या, दोन्हींत एकाच माणसाचा मगज. एकीत पेशी मरून विखुरलेल्या. दुसरीत पेशींचे झुबकेच्या झुबके.

"हिच्यात पेशी वाढवणारा एक घटक घातला. शरीर तो स्वतःही बनवतं. श्रेयाच्या इंजेक्शनात तोच होता."

झुंबरनं बशीच्या खालून, वरून, चहूकडून पाहिलं. "हितं फडकं न्हाय व्हय गं?"

"न्हाय. कुणीही यावं, बघावं. पटलं न्हाय तर पुन्हा करून बघावं."

तर मंडळी, चमत्कार दिसला की हात जरूर जोडा, पण आधी त्याच हातानं फडकं ओढा. मार बसेल, बसू द्या. त्या दिवशी माळ रिकामा झाल्यावर पोलिसांनी बाभळीखालच्या म्हस्कूतात्यांच्या तोंडावरचं उपरणं काढलं. ते केव्हाच गेले होते. त्यांच्या पाळीला नळीवरचं फडकं कुणीच ओढलं नव्हतं.