रॉयसच्या बॅटऱ्या

रॉयस बोलण्यात पटाईत आणि करण्यात शून्य, हे वर्नाचं मत धाकट्या बहिणीचं, आयलीनचं, त्याच्याशी लग्न झालं त्या दिवसापासूनचं होतं. थंडीचे महिने काढायला अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात दोघांच्या राहण्याच्या गाड्या, मोटारहोम, शेजारीशेजारी लागल्या, तेव्हाही त्याची टकळी चालूच होती.

"वीज नको, तार नको! चार बॅटऱ्या आहेत माझ्याकडे."

सूर्य बुडाला आणि थोड्याच वेळात त्याच्या गाडीतले दिवे मिणमिणून विझले. हीटरचा पंखाही थांबला. आयलीनचा श्वास झोपेत अडायचा, म्हणून ती यंत्र लावून झोपे. ते यंत्रही आता चालेना.

वर्ना टॉर्च घेऊन आली. बॅटऱ्यांची झाकणं उघडली, तर आत पाणी आटून पट्ट्या उघड्या पडलेल्या.

"उन्हाळाभर गाडी शेडमध्ये होती ना? मेन स्विच बंद केला होतास?"

"कशाला? गाडीत काहीच चालू नव्हतं."

"गॅसचा अलार्म तुझ्या बापाने बंद केला? तो थेंबथेंब वीज पीतच असतो."

"अगं, वर सोलर पॅनल आहे की!"

"शेडमध्ये? आणि वर ताडपत्री घालून?" वर्ना हसली. "ऊन काय दार वाजवून आत येणार होतं?"

"इंजिन चालू करतो, होतील चार्ज."

"मेलेल्यांना खाऊ घाल हवं तर."

आयलीन नेहमी नवऱ्याची बाजू घ्यायची. आज तिने यंत्र काखेत मारलं आणि वर्नाच्या गाडीत जाऊन झोपली. रॉयसही कुडकुडत मागोमाग आला. वर्नाने त्याला जमिनीवर जागा दिली, उशी दिली नाही.

"तुला आज फार मजा आली ना गं?" आयलीनने अंधारात विचारलं.

"आली," वर्ना म्हणाली. खोटं कशाला बोला?

सकाळी रॉयस गावात जाऊन नव्या बॅटऱ्या घेऊन आला. त्या बसवल्या न बसवल्या तोच शेजारच्या म्हाताऱ्याला स्विचचं महत्त्व समजावू लागला, जणू शोध यानेच लावलेला. वर्नाने पचकन थुंकून तोंड फिरवलं.

"आयलीन, यंत्र आण गं इकडे! आता महिनाभर चिंता नाही!" त्याने हाक मारली.

आयलीन वर्नाच्या गाडीत कॉफी गाळत होती. "राहू दे इथेच," ती म्हणाली, आणि मुक्काम संपेपर्यंत बहिणीकडेच झोपली.