निळ्या पाण्यातला थेंब

देपालपूर रस्त्यावरच्या त्या मंगल कार्यालयात रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नसे. समोर पाटावर काचेचं भांडं, त्यात निळंशार पाणी, आणि भांड्यामागे सूत्रानंद महाराज. नवरा-बायको जोडीनं पुढे जात. सेवेकरी दोघांच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा एकेक थेंब पाण्यात सोडी. नवऱ्याचा थेंब मण्यासारखा तळाशी जाऊन बसे. बायकोचा जरा खाली जाई, मध्येच थबके आणि पुन्हा वर येई. मग हॉलभर कुजबुज पसरे.

"देखो, सूत्र टूटा है," महाराज सांगत. "डॉक्टर लोग क्रोमोसोम म्हणतात ना, तेच हे आपलं गुणसूत्र. उनको हफ्ते लगते हैं, नर्मदा मैया क्षणात सांगते."

त्यानंतर औषधाच्या पुड्या मिळत. त्या काही महिने घेऊन आलेल्या बाईचा थेंब खरोखरच बुडे. मग असा जयजयकार होई की बाहेर झोपलेली कुत्रीही उठून बसत.

रांगेतल्या मंजिरीला एका जागी उभं राहवत नव्हतं. राऊच्या एका कॉलेजात अकाउंट्स शिकवणारी ही बाई इथे आली होती ती थकून. तिला तीनदा दिवस गेले आणि तिन्ही वेळा गर्भ टिकला नाही. डॉक्टरीणबाईंनी दोघांच्या रक्ताची गुणसूत्र तपासणी सांगितली होती. नवरा, निशांत, आज-उद्या करत राहिला. तेवढ्यात सासूबाई, शोभनाताई, दोघांना इथे घेऊन आल्या. निशांतचा थेंब बुडाला, तिचा तरंगला. "माझं नॉर्मल आहे, मी कायको ब्लड देऊ?" म्हणत निशांतनं अंग काढून घेतलं. घरात दोष कुणाचा ते ठरून गेलं.

आज पुड्यांनंतरची खेप होती. थेंब बुडावा असं मंजिरीला वाटत होतं, आणि त्याचीच भीतीही वाटत होती. बुडाला की तपासणी कायमची बारगळणार. मग पुन्हा दिवस जाणार, आणि पुन्हा तेच झालं तर ते सोसायची ताकद तिच्यात उरली नव्हती. शिवाय हे निळं पाणी आपण कुठंतरी पाहिलंय, हे तिच्या डोक्यातून जात नव्हतं.

तिचा थेंब बुडाला. शोभनाताईंनी तिला जवळ घेतलं, त्यांचे डोळे भरून आले. निशांतनं मोठा श्वास सोडला. महाराजांनी हात वर केला आणि आता कुठल्याही तपासणीची गरज नाही, असं जाहीर केलं.

सेवेकऱ्यानं तिच्या बोटावर कापूस दाबला आणि मंजिरीला आठवलं. कॉलेजातलं रक्तदान शिबिर, टेबलावर हेच निळं पाणी, आणि त्यात रक्ताचा थेंब सोडून बघत. मुलं आत जात होती, मुली मात्र एकामागून एक परत पाठवल्या जात होत्या. तीही त्यांतलीच. खून कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या देऊन पाठवलं होतं.

"महाराज, आमच्या आईंचाही थेंब बघा ना," ती म्हणाली.

महाराजांनी माताजींना कशाला त्रास म्हणून टाळायला पाहिलं. पण शोभनाताईंनी बोट पुढे केलंसुद्धा. "घ्या की. तीन लेकरं झाली मला, तिन्ही धडधाकट."

आठवड्यातून तीन उपास करणाऱ्या शोभनाताईंचा थेंब खाली गेला, थबकला आणि वर येऊन तरंगू लागला.

मंजिरी वळून शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशी म्हणाली, "हे मोरचुदाचं पाणी आहे. रक्तात हिमोग्लोबिन पुरेसं असलं की थेंब जड होऊन बुडतो, कमी असलं की तरंगतो. बायकांमध्ये ते बहुतेक कमीच असतं, म्हणून इथे खोट नेहमी बायकोची निघते. पुड्यांत लोह असणार. गोळ्या घेताना व्हायची तशी माझी शी काळी होते. त्यानं रक्त वाढलं, गुणसूत्रं बदलली नाहीत. ती जन्मभर तीच राहतात."

"बेटी, श्रद्धा नहीं हो तो जल भी झूठ बोलता है," महाराज म्हणाले.

मागून एक गृहस्थ उठून महाराजांना म्हणाले, "भिया, म्हणजे माझ्या बायकोला फक्त खून कम होता क्या?"

कुणीतरी ओरडून ज्यांना मुलं झाली त्यांचं काय, असं विचारलं. मंजिरीनं तेही सांगितलं: एक-दोन गर्भपातांनंतरही कितीतरी जोडप्यांना आपोआप मूल होतं. ती पेढे घेऊन येतात. ज्यांना होत नाही, त्यांनी पथ्य मोडलं असं सांगून महाराज मोकळे होतात. काही लोक उठून गेले. काही मात्र भांड्याकडे बघत बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी निशांतनं स्वतःहून दवाखान्यात बाही वर केली. उपाशीपोटी जावं लागलं नाही. दोघांच्या हातातून छोटी नळीभर रक्त घेतलं. त्यातल्या जिवंत पेशी लॅबमध्ये वाढवतात, त्या दुभंगत असताना थांबवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक गुणसूत्र पाहतात, म्हणून रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागतात. रिपोर्ट स्वच्छ आला तरी गर्भ न टिकण्याचं कारण दुसरं असू शकतं, हेही डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं. ते आठवडे निशांत जेवतानाही फोन उलटा-सुलटा करत होता.

मंजिरीचा रिपोर्ट स्वच्छ होता. निशांतच्या दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची आपसात अदलाबदल झालेली निघाली. काही हरवलं नव्हतं, म्हणून तो स्वतः ठणठणीत होता. मूल होताना मात्र त्या तुकड्यांची वाटणी चुकू शकत होती, आणि चुकली की गर्भ टिकत नाही. तरीही निरोगी मूल होऊ शकतं, त्यासाठी पुढे काय काय करता येईल, ते डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं.

सोबत आलेल्या शोभनाताई हळूच म्हणाल्या, "म्हणजे खोट आमच्यातच."

"खोट कुणाचीच नाही, काकू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आईवडिलांपैकी कुणाकडून आलं असेल, किंवा याच्यातच नव्यानं झालं असेल. तुमचंही रक्त तपासता येईल."

आता बोलायची पाळी मंजिरीची होती, आणि बोलण्यासारखं तिच्याजवळ पुष्कळ होतं. तिला राग आला होता, रडूही आलं होतं. शोभनाताईंनी तिच्याकडे पाहिलं आणि बाही वर सारली. "माझं घ्या," त्या म्हणाल्या. "आणि मंजिरी, तू बस माझ्याजवळ. चुकलं माझं."

मंजिरी त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

वाचकहो, कुणी पाण्यात थेंब टाकून तुमच्या घरातल्या बाईवर बोट ठेवलं, तर त्याच पाण्यात आणखी चार जणांचे थेंब टाकायला सांगा. आणि डॉक्टरांनी दोघांचं रक्त मागितलं, तर दोघांनी जा.